खांबापर्यंत

७ जुलै, सोमवार

आज माझ्या खोलीच्या दारावर पाटी लागली. 'विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष.' आतापर्यंत या खोलीत कॉलेजचं खेळाचं सामान ठेवत. सगळं हलवलं, पण कोपऱ्यात एक स्टंप उभा राहिला आहे. कोणी नेला नाही, मीही काढला नाही.

भिंतीपलीकडे लूमचा कारखाना आहे. सकाळी खटखट कानावर आदळते आणि तासाभराने ऐकू येईनाशी होते, जशी आपलीच छाती आपल्याला ऐकू येत नाही. खिडकीतून सुताची पिंज आत येते. ती पडत नाही, तरंगत राहते. आज बराच वेळ मी तिच्याकडेच बघत होते. कामाच्या पहिल्या दिवशी असं बघत बसणं बरं नव्हे.

उपप्राचार्य मनोज सरांनी काम समजावलं. "सोपंय हो. इथे दोन वर्षं काढून ज्यांना तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचंय, त्यांना सांगायचं, आपलं काय तिथे धरतात, काय नाही. बस."

मी विचारलं, "चुकीचं सांगितलं गेलं तर, सर?"

"तर पोरांचं वर्ष जातं. पण तसं सहसा होत नाही."

'सहसा' हा शब्द घेऊन घरी आले. जेवणातही तोच होता.

९ जुलै, बुधवार

पहिली विद्यार्थिनी आली. नाव करिष्मा, गाव दिघाशी, दुसरं वर्ष झालं, विषय भूगोल. म्हणजे माझाच विषय, बी. ए.चा. दारात छत्री झटकत म्हणाली, "मॅडम, पलीकडं पाठवतात ते इथंच ना?"

मी म्हटलं, "पाठवत नाही. सांगतो."

"तेच ते."

खुर्चीवर बसली नाही, टेकली. मी विचारलं, विद्यापीठातच का जायचंय? ती म्हणाली, "मला नकाशे करायचेत. फोनमधल्या नकाशात आमची विहीर रस्त्यावर दाखवलीय. नवीन टेम्पोवाले येतात नि विहिरीपाशी येऊन हॉर्न वाजवतात. माझा बाप रोज एकाला तरी शिव्या घालतो. कोणीतरी ती विहीर उचलून जागेवर ठेवायला नको का?"

मला हसू आलं. मग तिने खरी गोष्ट सांगितली. तिच्या मावशीची मुलगी रूपा दोन वर्षांपूर्वी अशीच शिकायला बाहेर गेली. कोणीतरी तिला 'होऊन जाईल' म्हणालं होतं. झालं नाही. तिचे दोन विषय धरले नाहीत, वर्ष गेलं, ती घरी आली आणि दिवाळीच्या आत तिचं लग्न लागलं. "बाप म्हणतो, तुझं वर्ष जाणार न्हाय असं कॉलेजनं तोंडानं सांगितलं, तर जा. नायतर इथंच पुरं कर. मग पुढचं त्यो बघणार." पुढचं म्हणजे काय, ते रूपावरून कळलंच. 

शेवटची तारीख पंचवीस जुलै.

मी म्हटलं, "मी बघून सांगते."

ती म्हणाली, "बघूनच सांगा, मॅडम."

१० जुलै, गुरुवार

दुपारी खुर्चीत डोळा लागला. स्वप्नात आमच्या ओट्यावर बसून मी मुलांना वाट सांगत होते. डोक्यावर दप्तरं घेऊन ती एकामागोमाग पाण्यात उतरत होती, आणि मी बसल्या जागेवरूनच 'डावीकडे, आता उजवीकडे' म्हणत होते. पाण्याला आवाज नव्हता. जागी झाले तेव्हा लूम बंद होते. कारखान्याची जेवणाची सुट्टी.

हे स्वप्न कुठून आलं ते मला माहीत आहे. मी शाळेत गेले ती थेट पाचवीत. त्याआधी पहिलीत दोन दिवस बसवलं होतं, पण बाईंनी नाव विचारलं आणि माझा आवाज जो गेला तो घरी येईपर्यंत आला नाही. आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, घरीच शिकंल." आजोबांना सगळं अंजूर गाव दाजी म्हणतं, म्हणून मीही दाजीच म्हणते. पाढे त्यांच्या बहिणीने, धोंडूबाईने, सुकट वाळत घालताना शिकवले. वाचन दाजींनी. बाकी सगळं बांधावरून चालता चालता.

आमच्या घराकडे एक मान होता. गावामागे खाडीचा आडवा फाटा आहे. पूल नव्हता तेव्हा लोक ओहोटीला चिखलातून पलीकडे जायचे, बाजाराला, लग्नाला. वाट पाण्याखालच्या दगडांवरून, दिसत नसलेली. ती दाखवायची आमच्या घराने. त्याचा एक नेम होता : ओट्यावर बसून वाट सांगायची नाही. सांगणाऱ्याने पुढे चालायचं. दाजींनी हे मला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. चालल्याशिवाय वाट सांगू नये.

तेव्हा करिष्माला काही सांगण्याआधी मला विद्यापीठात जाऊन आलं पाहिजे. फोनवर विचारणं म्हणजे ओट्यावर बसणंच.

१५ जुलै, मंगळवार

जाऊन आले.

अंजूर फाट्यावरून बस, माजिवड्याला उतरून दुसरी. खिडकीच्या काचेवर पाणी होतं आणि सगळं शहर त्यातून ओघळत गेलं. करिष्मा याच वाटेने येणार म्हणून मी सगळं ध्यानात ठेवत होते. स्टॉपवर आडोसा आहे का, बायका उभ्या असतात का.

भूगोल विभागाच्या आवारात पावसाने धुतलेली मोठी झाडं आहेत. जिन्यात ओल्या मातीचा आणि खडूचा वास. विभागप्रमुख सुकन्या मॅडम वर्गावर निघाल्या होत्या. म्हणाल्या, "तास झाल्यावर बोलू. तोवर हवं तर मागे बसा."

बसले. करिष्माला कसं शिकवतील हे कळायला हवंच होतं.

त्यांनी पडद्यावर खाडीचा नकाशा लावला. आमचीच खाडी. ठाण्याकडून वर येत येत नकाशा अंजूरपाशी आला, आणि आमच्या गावामागे नुसता राखाडी रंग होता, आत काही नाही. मॅडम म्हणाल्या, "इथे भरतीची रेघ रोज हलते. म्हणून काढणाऱ्याने सोडून दिलंय. सोडून दिलेल्या जागा बघत जा. तिथे काम असतं."

सगळ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्याकडे वही नव्हती. तिकिटाच्या मागे लिहिलं.

तासानंतर मॅडमनी नीट उत्तरं दिली. करिष्माचे सगळे विषय धरतात. फक्त क्षेत्रभेटीचा प्रश्न आहे. आमच्या कॉलेजने ती कॉलेजच्या मैदानातच उरकली होती, विद्यापीठाची दिवसभराची असते. "ते मुलगी आल्यावर बघू. फार तर डिसेंबरात तो एक पेपर जादा देईल. वर्ष जात नाही."

'बघू' हा मला 'होऊन जाईल'चा भाऊ वाटला.

परतताना बसमध्ये छातीत धडधडत होतं. कॅन्टीनचा चहा फार कडक होता. सकाळपासून नीट खाल्लंही नव्हतं.

१८ जुलै, शुक्रवार

आज परत गेले. एकदा चालून वाट कळत नाही. वसतिगृह पाहिलं, मेसमध्ये जेवले, शुक्रवारचा तासही बघितला. तो मंगळवारपेक्षा वेगळा असू शकतो.

वेगळा होता. आज वही नेली होती. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही मार्गदर्शक ना? विद्यार्थी कधी येणार तुमचा?" सगळे हसले. मीही हसले.

घरी मासे तळताना धोंडूबाईने माझ्या पाठीत बोट खुपसलं. "अगो, तवा बघ तवा! बोंबील करपलं नि ही हसतंय. कोनी बघाया आलता का काय तुला?"

"काही काय! कामाचा विचार करतेय."

"असला विचार मीबी केलाय गो एकदा," ती म्हणाली. "मंग लगीन लावून दिलं नि विचार बंद."

 दाजी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आमच्या जमिनीवरच्या गोडाऊनकडे जाणारे ट्रक बघत होते.

२१ जुलै, सोमवार

पुन्हा गेले. वाचनालय राहिलं होतं.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी मनोज सर खोलीत आले. "मृणाली मॅडम, तुम्ही सल्ला देता की चौकशी आयोग आहात? एका मुलीचा अर्ज, आणि तुमच्या तीन फेऱ्या! बाकीच्या पोरांचं काय?"

"त्यांचं सगळं नियमात बसतं सर, त्यांना सांगितलं. हिचं एकच राहिलंय, क्षेत्रभेट. ती शनिवारी आहे. मी शनिवारी जाऊन बघते आणि—"

"शेवटची तारीख शुक्रवार आहे."

"हो, सर."

"मग शनिवारी जाऊन काय बघणार? खड्डा?"

स्टंपाकडे बघत ते निघून गेले.

दुपारी करिष्मा वडिलांना घेऊन आली. कुमारभाऊ पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये मालाची चढउतार बघतात. ड्युटीतून तसेच आले होते, गळ्यात ओळखपत्र, बाहीला खोक्यांची धूळ. भरभर बोलले. "मॅडम, मला आत जायचंय परत, सुपरवायझर बोंब मारंल. एकच सांगा. साल वाया जानार न्हाय ना?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं.  सुकन्या मॅडमनी सांगितलंच होतं. पण ते सांगितलेलं होतं, मी पाहिलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि पहिलीच्या वर्गातल्यासारखं झालं. आवाज नाही.

करिष्मा म्हणाली, "मॅडम?"

शेवटी म्हटलं, "गुरुवारी सांगते."

कुमारभाऊ लेकीला म्हणाले, "चल. यांनाबी ठाव न्हाय." रागाने नव्हे. नाक्यावर रिक्षा नाही हे सांगावं तसं.

जाताना करिष्माने छत्री उघडलीच नाही. भिजत गेली.

२३ जुलै, बुधवार

संध्याकाळी दाजींजवळ पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. तुमचा नेम पाळते आहे, पण शेवटपर्यंत चालून बघायला दिवस पुरत नाहीत, आणि मुलगी अडकून पडली आहे.

दाजींनी विचारलं, "शेवटपर्यंत म्हंजे?"

"म्हणजे पलीकडे. तुम्ही जायचात तसं."

"मी कवा गेलो पलीकडं?"

मला वाटलं, विसरले. वय झालंय. म्हटलं, "दाजी, तुमी लोकांना घेऊन जायचा ना फाट्यापलीकडं?"

"खांबापरत." त्यांनी हाताने हवेत एक खांब उभा केला. "मदी तिवराच्या लाकडाचा खांब व्हता. तिथपरत मी म्होरं, मानूस मागं. मंग त्यो म्होरं जायाचा नि मी खांबाला धरून उभा. पलीकडं लागला का त्यो हात वर करायचा, मी 'हो' द्यायचो, नि माघारी."

"आणि खांबाच्या पुढची वाट?"

"पुढं दगूड धड होतं. नसलं, तर कोनी घसरला का मी खांबावरनं धावत जायाचो. अलीकडं घसरला तरी धावता यायचं, पलीकडं घसरला तरी. म्हनून मदी उभं ऱ्हायाचं. शेवटपरत हात धरून नेलं, तर मागच्याला कोन बघनार? खुळी का काय तू!"

एवढी वर्षं मी खांब विसरले होते. चालणं लक्षात ठेवलं, उभं राहणं नाही. की दाजींनी शिकवलंच नव्हतं? लहान असताना मी कधी खांबापर्यंत गेले नव्हते, पाणी खोल म्हणून. मी बांधावरच उभी असायचे. तिथून ते धुक्यात शिरताना दिसायचे, आणि पुढे ते कुठे जात असतील ते मीच ठरवलं असावं.

विचारलं, "पलीकडं काय होतं, दाजी?"

 "मना काय ठाव? लोकं जायाची ती हसत जायाची. एवढंच दिसायचं."

२४ जुलै, गुरुवार

कुमारभाऊंना फोन केला, सुट्टीत या म्हटलं. ते आले. करिष्मा दाराबाहेर उभी राहिली, आत आलीच नाही.

मी म्हटलं, "हिचे सगळे विषय धरतात, हे मी समोर बसून विचारून आले. वसतिगृह बघितलं, जेवण चांगलं आहे, वाटेत दोन्ही स्टॉपना आडोसा आहे. एक पेपर कदाचित जादा द्यावा लागेल. तरी वर्ष जाणार नाही, असं तिथल्या मॅडमनी सांगितलंय, पण तसं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. इथपर्यंत मला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. पण ती पोचेपर्यंत मी इथे आहे. काही अडलं तर मी तिकडेही जाईन आणि तुमच्याकडेही येईन."

बोलताना आवाज कापत होता. पण होता.

 कुमारभाऊ म्हणाले, "रूपाच्या टायमाला त्यो मानूस कसा ठासून बोलला व्हता. 'होऊन जाईल!' तुमीबी तसं बोलला असता ना, तर न्हाय धाडली असती."

बाहेर छत्री पडल्याचा आवाज आला.

मी सही केली. अर्ज आजच गेला, एक दिवस आधी.

२६ जुलै, शनिवार

आज क्षेत्रभेट. जायची गरज नव्हती, गेले नाही. दिवसभर चुकल्यासारखं वाटलं.  ओव्याचं पाणी घेतलं.

४ ऑगस्ट, सोमवार

करिष्माचा प्रवेश झाला. आज ती गेली. कुमारभाऊंना ड्युटी सोडता येईना, म्हणून मी माजिवड्यापर्यंत सोबत गेले. तो अर्धा रस्ता आहे, मोजूनच ठरवलं होतं. तिच्याकडे एक बॅग, एक बादली आणि बादलीत आईने दिलेले लाडू.

"ताई, तुम्ही चला ना शेवटपर्यंत."

मॅडमची ताई कधी झाले ते कळलं नाही. म्हटलं, "नाही गं. मी इथे उभी राहते."

"इथे? या पुलाखाली? कशाला?"

"तू जा. पोचलीस की फोन कर."

तिची बस गेली. मी खांबाला टेकून उभी राहिले, पुलाचा सिमेंटचा खांब, अंगावर कोचिंग क्लासच्या जाहिराती. पाऊस बारीक होता. गाड्या पाण्यावरून गेल्यासारख्या आवाज न करता जात होत्या, किंवा मला ऐकू येत नव्हतं. किती लोक पलीकडे जात होते! कोणीच थांबत नव्हतं. एक पोलीस येऊन म्हणाला, "मॅडम, कोणाची वाट बघताय?" मी हातातला फोन दाखवला.

फोन आला. "ताई, पोचले! आणि ऐका, सुकन्या मॅडमनी विचारलं, ती तुमची मागच्या बाकावरची मुलगी कुठंय? मी म्हटलं, त्या आमच्या मार्गदर्शक. तर म्हणाल्या, तिला म्हणावं, वही इथेच राहिलीय. आणि एम. ए.चे प्रवेश पंधरा तारखेपर्यंत आहेत."

वही मागवून घ्यायला हवी. एम. ए.चं त्यांनी का सांगितलं असेल? बहुतेक आमच्या मुलांना कळवण्यासाठी. फळ्यावर लावते.

घरी आले. दाजींनी विचारलं, "पोचली?"

"पोचली. फोन आला."

"मंग तू का माघारी आलीस?"

"म्हणजे? खांबापर्यंतच जायचं ना? तुम्हीच—"

"त्यो नेम वाट दावनाऱ्याचा," दाजी म्हणाले आणि ट्रककडे बघत बसले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पाटी लावून महिना झाला. बरीच मुलं येऊन गेली, दोघं उद्या परत येणार आहेत. काम जमतंय असं मनोज सर म्हणाले. एम. ए.ची सूचना फळ्यावर लावली. जाता येता मीच वाचते आहे, कागद नीट चिकटला का ते बघायला.

१० ऑगस्ट, रविवार

काल नारळी पुनव झाली. दाजी सकाळीच उठवायला आले. "चल. आज पानी लय मागं जातंय."

धोंडूबाई दारात आडवी. "म्हातारा पडंल, हाडं मोडंल, नि मंग मीच शेकत बसू!"

"पडलो तर चिखलात पडन. मऊ असतंय."

गोडाऊनच्या भिंतीला वळसा घालून गेलो. फाट्याचा अर्धा भाग भरणी करून ट्रक उभे करायला घेतलाय, पण उरलेला तसाच आहे. पाणी खरंच गेलं होतं. चिखल चांदीसारखा, आणि त्यावर धुकं इतकं खाली की पलीकडचा काठ नव्हताच. नकाशात होता तोच राखाडी रंग.

दाजी काठी टेकत पुढे, मी मागे. पायाखाली दगड लागत होते. मी त्यांचा सदरा धरला तर म्हणाले, "सोड. तोल जातो."

मध्ये खांब नव्हता, केव्हाच वाहून गेला. दाजींनी इकडे तिकडे बघितलं, दोन पावलं डावीकडे सरकले आणि काठी रोवून उभे राहिले. "हितं. जा म्होरं."

"काय आहे पुढे?"

"मना काय इचारतंस?"

मी गेले. दगड दिसत नव्हते, पाय त्यांना शोधत होते. एकदा घसरले आणि मागे बघितलं. दाजी हलले होते, एक पाऊल पुढे. मी सावरल्यावर परत मागे झाले. त्यानंतर मागे बघितलं नाही. पाण्याचा पातळ थर, त्यात ढग, आणि ढगांतून चालणारे माझे पाय. भीती वाटत होती, पण ती भीतीसारखी लागत नव्हती. विद्यापीठातून पहिल्यांदा परततानाच्या त्या बससारखी लागत होती. म्हणजे ती धडधड चहाची नव्हती.

मग पायाला गवत लागलं. पलीकडे काही नव्हतं. थोडी तिवराची झुडपं, एक बगळा, आणि पुढे जाणारी पायवाट.

वळून बघितलं. धुक्यात दाजी एका काठीएवढे. मी तशीच बघत राहिले. हात वर करायचा असतो, हे विसरूनच गेले होते.

तिकडून आवाज आला, "अगो, हात! हात कर! किती उभा ऱ्हाऊ?"

मी हात वर केला.

"हो!" दाजी म्हणाले, आणि माघारी वळले.